बोअरिंगच्या गाडीवर गेलेला कॅमेरा

"शेठ, तो नको. तो यांच्या कामाचा नाही," मी गिऱ्हाइकासमोरच बोलले.

शेठनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मालक माल दाखवत असताना नोकराने मध्ये तोंड घालायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण काउंटरवर त्यांनी जर्मन कॅमेरा मांडून ठेवला होता. चामड्याची केस, पोलादी अंग, किलोभर वजन. पुढे काचेभोवती तीन कडी, प्रत्येक कड्यावर आकडे. आणि गिऱ्हाईक कोण, तर बोअरिंगच्या गाडीवरचा मेकॅनिक. नाकापेक्षा मोती जड.

सत्तरच्या दशकातली पहिली दोन-तीन वर्षं असतील. अंधेरी स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी नोकरीला होते. सकाळी काउंटर, दुपारी डार्करूम. तेव्हा परदेशी कॅमेरे सरळ दुकानात येत नसत. कोणी बाहेरून आला की आपला विकून जायचा, तोच आम्ही साफसूफ करून पुढे विकायचो. त्यामुळे कपाटात जे असेल त्यातूनच निवडायचं.

गिऱ्हाइकाचं नाव परब. राहायचे वाकोल्याला, मूळचे मालवणकडचे. जमिनीत भोक पाडून पाणी काढणारी ट्रकवरची मशीन असते, तिच्याबरोबर ते गावोगाव फिरायचे. दुष्काळाचे दिवस, त्यामुळे गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. आठ-आठ महिने घर नाही.

"कॅमेरा कशाला हवाय?" मी विचारलं.

परबांनी जरा इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "मुलगी आहे माझी, पमी. दोन वर्षांची झाली. या खेपेला घरी आलो तर मला बघून किंचाळली. चार दिवस रडत होती. आज पाचव्या दिवशी जवळ आली, आणि उद्या मला निघायचंय." हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले, "दाढी वाढलेली, कपडे डिझेलचे. घाबरली असेल. पण बापाला घाबरते म्हणजे काय ओ? पुढच्या खेपेला तिनं मला ओळखलं पाहिजे. फोटो पाठवत राहीन म्हणतो."

मी ठरवून टाकलं की या माणसाला चुकीचा कॅमेरा द्यायचा नाही. शेठ काय म्हणायचे ते म्हणू देत.

कपाटातला एकेक काढला. देशी डबा कॅमेरा स्वस्त, पण एका रोलवर बारा फोटो, आणि खिशात मावत नाही. दुसरा भात्याचा, म्हणजे पेटीच्या भात्यासारखा पुढे उघडणारा. दिसायला रुबाबदार, पण बोअरिंगची धूळ त्या घड्यांत बसली की वाट लागली. मग खालच्या खणातून मी छोटा जपानी कॅमेरा काढला. साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा. शर्टाच्या खिशात जाईल एवढा.

"हा हाफ-फ्रेम," मी सांगितलं. "साध्या रोलवर छत्तीस फोटो येतात. हा प्रत्येक फोटोची जागा अर्धी करतो, म्हणून बहात्तर. अंतर लावायची भानगड नाही. पाच फुटांच्या पुढचं सगळं बऱ्यापैकी साफ येतं. काचेभोवती ही जाळी दिसते ना, ती उजेड मोजते. बॅटरी लागत नाही. उजेड कमी असला तर डोळा लावायच्या खिडकीत लाल पट्टी दिसते आणि बटण दाबलंच जात नाही."

"म्हणजे मशीनच सांगते, आता नको?"

"बरोब्बर."

परबांना हे फार आवडलं. मशीनशी बोलणारा माणूस तो. मागचं झाकण उघडून त्यांनी दोन मिनिटांत सगळी दातेरी चाकं समजून घेतली.

शेठ गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "कुंदा, अर्धा फोटो म्हणजे अर्धी मजा. मोठा करायला गेलीस तर रेती दिसेल, रेती." ते खोटं नव्हतं. निगेटिव्ह जेवढी लहान तेवढा मोठा केलेला फोटो खरबरीत येतो. पण ज्याला रोज खिशात ठेवायचा आहे, त्याला जड म्हणून घरीच राहिलेला चांगला कॅमेरा काय कामाचा?

परब म्हणाले, "माका यातला काय कळत नाय. तुम्ही सांगशात ता घेतंय."

एवढा विश्वास टाकला की आपल्यालाच धाकधूक होते. मी त्यांना तसं जाऊ दिलं नाही. एक बाद झालेला रोल देऊन तीनदा भरायला आणि काढायला लावला. रोलचं टोक आतल्या चाकात नीट अडकलं नाही तर आकडा पुढे सरकतो, आपण बटण दाबत राहतो, आणि रोल जागचा हलतच नाही. अख्खा कोरा. म्हणून पुढे ओढताना डावीकडची गुंडाळायची नॉब फिरते का ते बघायचं. ती फिरली तर रोल चालतोय. हे त्यांच्याकडून वदवून घेतलं. निघताना आम्ही सगळ्यांना सांगायचो ते सांगितलं. वाळूत ठेवू नका, उन्हात गाडीच्या बोनेटवर ठेवू नका, काचेला बोट लावू नका, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात अजिबात देऊ नका. हे शेवटचं तर मी दिवसातून दहा वेळा म्हणायचे. कारण दुरुस्तीला येणारे निम्मे कॅमेरे मेव्हण्याच्या नाहीतर मित्राच्या हातून पडलेले असायचे.

परब मान हलवत गेले. माझ्या दृष्टीने काम झकास झालं होतं.

तीन महिन्यांनी त्यांची बायको सुमन दुकानात आली. पमी कडेवर. हातात ॲल्युमिनियमच्या तीन डब्या. राजस्थानातून परबांनी रजिस्टर पोस्टाने रोल पाठवले होते. मी त्याच दुपारी धुतले, कॉन्टॅक्ट शीट काढली. म्हणजे निगेटिव्हच्या पट्ट्या सरळ कागदावर ठेवून एकदम सगळे छोटे छोटे फोटो काढायचे, आणि त्यातून निवडायचे. भिंग लावून बघितलं. एकही रोल कोरा नाही, उजेड बरोबर. दोनशेच्या वर फोटो. मी खूश. सुमनने पमीला सांभाळत घाईघाईत बारा निवडले, ते छापून दिले.

आठवड्याने ती परत आली. चेहरा विचित्र.

"ताई, एक विचारू? यात माझा नवरा कुठाय?"

मी शीट पुन्हा भिंगाखाली घेतली. गाडी. पाइप. पाण्याचा फवारा. कोरडा तलाव. विहिरीवरच्या बाया. उंट समोरून, उंट बाजूने, बसलेला उंट. दोनशे फोटोंत परब कुठेच नाही. आणि मला हे पहिल्या वेळी दिसलंसुद्धा नव्हतं. आम्हा डार्करूमवाल्यांना फोटो साफ आला की नाही एवढंच दिसतं. त्यात कोण आहे हे बघायची सवयच नाही.

"मी तिला रोज दाखवते," सुमन म्हणाली. "हे पप्पांनी पाठवलं, हे पप्पांनी पाठवलं. आता ती उंटाला पप्पा म्हणते." बोलताना ती हसली, आणि हसता हसताच पदर डोळ्याला लावला. "पावसात बोअरिंग बंद होतं. जूनमध्ये ते येणार आठ दिवस. परत तेच होणार, ताई."

मार्च चालू होता. त्याच दिवशी मी सुमनकडून पत्ता घेऊन परबांना कार्ड टाकलं. 'फोटो चांगले आहेत. पण तुम्ही कुठे आहात?'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, गोल गोल अक्षरात. 'ताईंना नमस्कार. आपण सांगितल्याप्रमाणे कॅमेरा कोणाच्याही हातात दिलेला नाही. सुपरवायझरसाहेबांनी मागितला, त्यांनाही दिला नाही. थोडा वाद झाला. पण आपला शब्द मोडला नाही.'

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या हातात कॅमेरा तो फोटोत नसतो, हे शेंबड्या पोराला कळतं. मी उजेड मोजला, वजन मोजलं, बहात्तर फोटो मोजले. आणि ज्या कामासाठी कॅमेरा घेतला त्याच कामावर स्वतःच्या तोंडाने बंदी घातली. त्या बिचाऱ्याने ती सुपरवायझरशी भांडून पाळली. मला माझाच इतका राग आला की दुपारी डबा उघडला नाही.

शेठ म्हणाले, "जाऊ दे ना. आपण विकला, आपलं काम संपलं. पत्रं लिहिणं आपला धंदा आहे काय?"

"चूक माझी आहे, शेठ. कार्ड माझ्या पैशाने घेते."

मी लिहिलं, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. माझं आधीचं सांगणं विसरा. प्रत्येक रोलवर निदान दहा फोटो तुमचे पाहिजेत.

पुढचा रोल एप्रिलच्या शेवटी आला. परब दिसत होते, पण कसे? एकात गुडघ्यापासून खाली. एकात डोकं कापलेलं. तीन फोटोंत काढणाऱ्याचं बोट काचेसमोर. बाकी सगळे पुसट, कारण कॅमेरा तोंडाजवळ नेऊन काढलेले. गाडीवरची पोरं हौसेनं अगदी पुढ्यात येऊन बटण दाबत होती. पाच फुटांच्या आत हा कॅमेरा आंधळा. अंधेरीत बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि हातात दीड महिना उरला होता.

पण मी सोडणार नव्हते. या खेपेला आंतर्देशीय पत्रावर चित्रंच काढली. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला सहा फूट दोरी बांधा. दुसरं टोक तुम्ही बेंबीपाशी धरा. दोरी ताणली गेली की त्याने बटण दाबायचं, त्याआधी नाही. डोक्यावर चार बोटं मोकळी जागा दिसली पाहिजे. बोटं कुठे ठेवायची त्याचं वेगळं चित्र. आणि फोटो काढायला एकच माणूस ठरवा, जो कमी बोलतो असा.

मेच्या शेवटी रोल आला. डार्करूममध्ये पट्टी उजेडाला धरली आणि मी परब मोजायला लागले. उलट्या काळ्या-पांढऱ्या रंगातही कळत होतं. अकरा फोटोंत परब, डोक्यापासून कमरेपर्यंत, सरळ आपल्याकडे बघणारे. प्रत्येकात पोटापासून दोरी निघालेली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेली, बनियन काळं. एकात हसत होते.

पोस्टकार्ड साइजमध्ये अकराच्या अकरा छापले. रेती दिसत होतीच. शेठनी एक उचलून लांब धरला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "जाड कागदावर काढ. पोरीच्या हातात टिकायला पाहिजे." सुमनने ते लाकडी कपाटाच्या दारावर खाली, पमीच्या उंचीला चिकटवले.

पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी परब सरळ दुकानात आले. मी ओळखलंच नाही. गुळगुळीत दाढी, तेल लावून भांग, टेरिलीनचा कोरा शर्ट. गाडी साकीनाक्याच्या यार्डात लावून, तिथेच आंघोळ करून आले होते. घरी गेलेच नव्हते.

"ताई, तुम्ही चला बरोबर," ते म्हणाले. "ती रडली ना, तर मी दारातूनच मागे फिरेन. खरं सांगतो."

शेठनी मानेनेच जा म्हटलं. बसने वाकोल्याला गेलो. वाटेत परब सारखा भांग नीट करत होते.

सुमनने दार उघडलं. पमी तिच्या मागे उभी. तिने परबांकडे बघितलं, ओठ बाहेर काढला आणि आईच्या साडीत तोंड खुपसून रडायला लागली. परबांनी आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढे रोल, एवढी पत्रं, सगळं पाण्यात गेलं असं वाटलं.

मग माझी नजर कपाटाच्या दारावर गेली. अकरा परब आमच्याकडे बघत होते. त्यातला एकही दाराशी उभ्या असलेल्या या माणसासारखा दिसत नव्हता.

"परब, टॉवेल कुठाय तुमचा?"

"बॅगेत. मळलाय तो."

"काढा. बांधा डोक्याला."

"ताई, त्यालाच तर घाबरली होती मागे."

"बांधा म्हणते ना."

त्यांनी टॉवेल काढला. खोलीभर डिझेलचा वास. बाहेरच उकिडवे बसून त्यांनी तो डोक्याला गुंडाळला आणि मान वर केली. पमीचं रडणं एकदम थांबलं. तिने कपाटाकडे बघितलं. यांच्याकडे बघितलं. परत कपाटाकडे. मग आईची साडी सोडून पुढे आली, परबांचं एक बोट धरलं आणि त्यांना ओढत कपाटापाशी घेऊन गेली. फोटोवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा." आणि मागे वळून तोच हात त्यांच्या गालावर ठेवला.

परब हुंदके देऊन रडले. सुमनही रडली, मीही. रडत नव्हती ती फक्त पमी.

सुमनने नंतर सांगितलं की आठ दिवस ते जेवताना, झोपताना टॉवेल काढायला तयार नव्हते. शेवटी पमीनेच ओढून काढला.

पुढे मी त्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. कॅमेरा घ्यायला कोणीही आलं की किंमत, काच, रोल हे सगळं मी नंतर काढायचे. आधी विचारायचे, फोटो बघणार कोण? पुष्कळ जण गोंधळायचे. काही जण चिडायचे. ज्यांना उत्तर देता यायचं, त्यांच्यासाठी कॅमेरा निवडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नसत.