एक नाव राहिलं

कार्यक्रम संपलेला असायचा. अध्यक्ष टेबलाखाली पायाने चपला शोधत असायचे, बायका पेंगुळलेल्या मुलांना उठवत असायच्या, आणि तेवढ्यात काका पुन्हा माइकपाशी यायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, "माफ करा. एक नाव राहिलं."

ते एक नाव कधीच एक नसायचं.

आभार मानणारा असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. तो उठला की लोक घड्याळाकडे बघतात. आमच्याकडे हे काम सांडोर गावच्या काकांचं होतं. रेशनिंग ऑफिसात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. बारीक अंगाचे, दाढी रोज गुळगुळीत केलेली, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना जो पांढरा सदरा, तोच कार्यक्रमाला.

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत आम्ही काही जणांनी संग्रहालय सुरू केलं होतं. मी शाळेत शिक्षिका होते आणि संग्रहालयाच्या समितीची चिटणीस. संग्रहालय म्हणजे काय, तर लोकांच्या माळ्यावरून खाली आलेल्या वस्तू. विहिरींवर विजेचे पंप बसत होते, म्हणून रहाटाची मडकी आमच्याकडे आली. नातसुना पाचवारी नेसायला लागल्या, म्हणून आज्यांची तांबडी लुगडी आली. एकही वस्तू आमच्या मालकीची नव्हती. लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेलं सगळं.

काका आभार मानायचे ते शिडी धरणाऱ्याचे, मग शिडी देणाऱ्याचे, मग ज्याने शिडी कोणाकडे मिळेल हे सांगितलं त्याचे. एकदा तर आवारातल्या विहिरीचे मानले, कारण पाहुण्यांना पाणी तिने पाजलं होतं. एका कार्यक्रमात त्यांनी माझ्या सासूबाईंचं नाव घेतलं. "चिटणीसबाई इथे उभ्या आहेत, कारण घरी चूल त्यांच्या सासूबाई सांभाळतात." सासूबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर आठ दिवस सासूबाईंनी एकदाही कुरकुर केली नाही; घरात इतकी शांतता होती की नवऱ्याने मला काय झालंय म्हणून विचारलं.

एका वर्षी आम्ही सबंध जानेवारी महिना कार्यक्रमांचा करायचं ठरवलं. दर शनिवार-रविवारी संध्याकाळी काहीतरी. लग्नाची गाणी, जुने खेळ, केळी वाळवून सुकेळी कशी करतात त्याचं प्रात्यक्षिक, कोळीवाड्याचा नाच, बँडवाल्यांच्या आठवणी. समितीच्या बैठकीत सगळं ठरलं आणि शेवटी अध्यक्षांनी दबक्या आवाजात विषय काढला की एवढ्या कार्यक्रमांना काकांचे आभार परवडायचे नाहीत. दोन मिनिटांची मर्यादा घालू या. हे काकांना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मी कसं सांगावं याचा विचार करत चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी काकाच शाळेत आले आणि त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, "बाई, घशात गाठ निघाली. मुंबईला कापून काढली. तपासायला दिलीय. महिनाभर बोलायची बंदी."

खोटं कशाला सांगू? पहिल्या क्षणी मला हायसंच वाटलं. लगेच लाजही वाटली, पण हायसं वाटलं होतं हे खरं. समितीतल्या इतरांचे चेहरेही बातमी ऐकल्यावर आधी सैल झाले आणि मग गंभीर झाले.

पहिल्या आठवड्यात आभार अध्यक्षांनी मानले. "ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार" एवढं म्हणून ते बसले. माणसं वेळेत घरी गेली. आम्ही खूश.

दुसऱ्या आठवड्यात कोळीवाड्यातल्या हिराबाई आल्या आणि त्यांनी आपला पेटारा परत मागितला. मग रहाटाच्या मडक्यांचा मालक आला. त्याच्याकडे म्हणे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांना ती मडकी कशाला लागणार, हे मला विचारवेना. एकाने पालखीचा दांडा नेला, एकीने लुगडं नेलं. प्रत्येकाचं कारण वेगळं. पुढच्या सोमवारी मी खोलीचं कुलूप काढलं, तर एका भिंतीपाशी नुसते वस्तूंचे डाग राहिले होते. आणि शेवटच्या रविवारी लग्नाची गाणी म्हणायला येणार होत्या त्या गिरीज गावच्या बायकांनी निरोप पाठवला की त्यांना जमणार नाही.

खरं कारण फक्त हिराबाई बोलल्या होत्या. पेटारा डोक्यावर घेताना त्या म्हणाल्या, "माजं नाव कोनी घेतलं नाय. मंग माजा पेटारा कशाला पायजे तुमाला?"

मी सांडोरला काकांच्या घरी गेले. ते ओट्यावर पाटी मांडीवर घेऊन बसले होते. काकू आतून बाहेर आल्या. मला आत स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी हळूच सांगितलं की तपासणीचं काही नीट कळलं नाही, म्हणून डॉक्टरांनी गाठ दुसऱ्या इस्पितळात पाठवलीय. "विचारलं तर पाटीवर लिहितात, ठीक आहे. पण जेवत नाहीत. मलाही घास जात नाही."

असल्या वेळी या माणसापुढे पेटारे आणि मडकी काय घेऊन बसायचं? मी निघायला लागले. पण काकांनी बाहीला धरून मला बसवलं, म्हणून सगळं सांगितलं. दोन मिनिटांच्या मर्यादेचंही सांगितलं. त्यावर ते मान हलवून हसले. ते त्यांना आधीच ठाऊक असावं.

मग त्यांनी पाटीवर बराच वेळ लिहिलं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एका रेशनकार्डाची नक्कल करताना त्या घरातल्या म्हातारीचं नाव राहिलं होतं. म्हातारी दोनदा रांगेत उभी राहिली आणि कार्डावर नाव नाही म्हणून दोनदा रिकाम्या पिशवीने परत गेली. ती रागावली नाही. ऑफिसात येऊन एवढंच म्हणाली की मी मेले असं घरच्यांना तरी कळवायचं होतंत. काकांनी ते पुसलं आणि खाली लिहिलं, "उद्या सायकल काढतो."

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरले. गळ्यात मफलर, हँडलला पाटी टांगलेली. ज्याच्या दारात जात त्याला पाटी दाखवत. "तुमचं नाव राहिलं. चूक आमची." खाली त्या माणसाने काय दिलं होतं ते. कोळीवाड्यात पंचाईत झाली, कारण हिराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारणीला हाक मारली. तिलाही जमेना, म्हणून तिने जावयाला बोलावलं. जावयाने अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं, तोवर निम्मा कोळीवाडा जमला होता. हिराबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटारा जागेवर होता. त्यात एक जुनी टोपली जास्तीची होती.

शेवटच्या रविवारी गिरीजच्या बायका आल्या, भरपूर गायल्या. मग मी काकांनी लिहून दिलेले सात कागद वाचले. काका पहिल्या रांगेत बसले होते आणि प्रत्येक नावाला त्यांचे ओठ हलत होते. आवाज निघू नये म्हणून काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. वाचायला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. कोणीच घड्याळ पाहिलं नाही.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या महिन्यानंतर मात्र ते आमच्यात आणखी आठ वर्षं होते, आवाज जरा चिरका झाला होता एवढंच. मला ते आठवतात ते त्या रविवारनंतरच्या गुरुवारचे.

मी पाचवीच्या वर्गावर होते. काका दारात येऊन उभे राहिले. मी काही विचारायच्या आत ते फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि माझ्या अपूर्णांकांच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, "साधी गाठ." फळ्यावरचं मोठ्याने वाचायची मुलांना सवय. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "साधी गाठ!" काका आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते.

त्यांनी स्वतःच फळा पुसला आणि ते गेले. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेरच्या कठड्यावर काकू बसल्या होत्या, चपला काढून, पदरात बोरं घेऊन. एकेक बोर मिठात बुडवून त्या खात होत्या, अगदी भुकेल्या माणसासारख्या. काका शेजारी जाऊन बसले. काकूंनी न बघताच पदर त्यांच्या बाजूला सरकवला. मग कितीतरी वेळ ती दोघं तिथे उन्हात बोरं खात, बिया रस्त्यावर लांब थुंकत बसली होती.