ऋतुजानं विमान नेलं नाही

आमच्या लातुरात झोपणाऱ्या पोराला कुणी गुणी म्हणत नाही. क्लासवाल्यांच्या फलकांवर जागणाऱ्यांचेच फोटो लागतात. मी इथं खानावळ चालवते, त्यामुळे ताटावर पेंगणारी लेकरं रोज बघते. माझ्या बहिणीची मुलगी ऋतुजा त्यांतलीच एक. भोकरजवळच्या शेतकरी घरातली. अकरावी-बारावीला माझ्याकडं राहिली, पुढं हट्टानं वैमानिक झाली आणि एका छोट्या विमान कंपनीत कॅप्टनही झाली. जिद्द भारी, बोलणं कमी. नाही म्हणायला मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कंपनीचे नांदेडचे व्यवस्थापक रेणुकादास साहेब. ओठात एक, पोटात एक. "आपण सगळे एक कुटुंब" हे त्यांचं पालुपद. एखाद्या वैमानिकानं थकलो म्हणून कळवलं, की साहेब रागवत नसत, उलट प्रेमानं तब्येत विचारत. मग त्या माणसाची बढती कशी कोण जाणे, लांबत जायची. नियमाची विश्रांती मिळायची, पण आज पहाटेची फेरी, उद्या रात्रीची, परत पहाटेची. अशी झोप डोळ्यांना कळतच नाही. "सांगून टाक की," मी एकदा फोनवर म्हटलं. "मावशी, जो सांगतो त्याला सगळे कामचुकार समजतात," ती म्हणाली.

तिच्या वडिलांची, ग्यानोबा दाजींची, एकच हौस होती. लेकीच्या विमानातून पुण्याला जायचं. गेल्या हिवाळ्यात दाजी, माझी बहीण सिंधु आणि मी नांदेडच्या विमानतळावर जाऊन बसलो. दाजींनी साहेबांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. लेकीच्या साहेबाला रिकाम्या हातानं कसं भेटायचं? साहेबांनी टोपी लगेच डोक्यावर चढवली, फोटो काढून घेतला, चहा पाजला. दाजी तिथंच विरघळले.

ऋतुजा पुण्याहून विमान घेऊन आली. थोड्या वेळानं तेच विमान आम्हाला घेऊन परत जाणार होतं. पण ती आमच्याकडं न येता सरळ साहेबांपाशी गेली. चेहरा उतरलेला, डोळे लाल.

"सर, पुढची फेरी मी नेणार नाही. आत्ता खाली येताना उतरायची परवानगी मिळाली की नाही, हेच मला आठवेना. शेजारच्या वैमानिकानं सांगितलं तेव्हा कळलं. मी थकलेय."

साहेबांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "अगं, तासाभराचं तर आहे. कॉफी घे. दुसरा कॅप्टन येईपर्यंत संध्याकाळ होईल, लोक ओरडतील."

"नाही सर."

मग साहेब डोक्यावरच्या टोपीसकट दाजींकडं आले. "काका, तुम्हीच समजवा. तुमचं ऐकेल ती."

मला असा संताप आला म्हणता! तिला अशा उलटसुलट फेऱ्या लावताना कधी घरच्यांना विचारलं होतं का? पण दाजी उठले. ज्याला आहेर केला त्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"बाई, येवढी एक खेप कर. सायेब येवढे म्हणून राहिले. सगळे बघून राहिले."

बापाला तिनं जन्मात नाही म्हटलेलं नव्हतं.

"आबा, तुमी बसणार म्हणून मी न्हाई म्हणते, असं न्हाई. तुमी नसता तरी न्हाईच म्हणाले असते."

साहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "ठीक आहे. चौकशी होईल. तोवर उड्डाण बंद." रांगेतला एक जण म्हणाला, बायकांच्या हाती विमान दिलं की असंच व्हायचं. त्याला मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजी मान खाली घालून बाहेर पडले.

गावाकडं निघालो तेव्हा जीपमध्ये बाप-लेक शेजारी बसले, तेही जागा नव्हती म्हणून. नांदेड सुटायच्या आत ऋतुजाची मान दाजींच्या खांद्यावर कलंडली. खड्डे आले, उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेले, गाव आलं, जीप अंगणात थांबली. ती हलली नाही. सिंधु हाक मारायला गेली, तर दाजींनी हातानंच गप्प केलं. खांदा अवघडला होता, तरी ते तसेच बसून राहिले.

ऋतुजाचा फोन वाजला. दाजींनी घाईनं उचलला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काका, तिला सांगा, चौकशीच्या कागदावर थकले असं लिहू नकोस. पोट बिघडलं म्हणून लिहून दे. मी सगळं मिटवतो. शेवटी घरचंच माणूस आहे."

दाजींनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पोट बरं हाय तिचं, सायेब. लेकरू थकलंय. तेच लिव्हंल ती."

त्यांनी फोन ठेवला. डोळे भरून आले होते, पण ती जागी होईल म्हणून त्यांना पुसताही येईनात.

"तनुजा," ते मला म्हणाले, "आन् म्या हिला खेप कर म्हनलो."