दोन बंदरांचे थांबे

कामगार संघटनेच्या पोस्टरसाठी मैद्याची खळ शिजवायला घेतली की मला देऊळगाव राजाच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी जहाजाच्या सहलीचं पत्रक जमिनीवर पसरलं होतं. तीन दिवस, दोन बंदरं. प्रत्येक बंदरापुढे त्यांनी पेनानं थांब्याची वेळ लिहिली होती. संध्याकाळपर्यंत नावं कळवायची होती.

"आपण खाली उतरलो अन् जहाज निघून गेलं त?" आईनं विचारलं.

"तीस वर्षांत एक पॅसेंजर मागं सोडला नाई मी. तुले सोडीन काय?"

आई हसली. "पोरगी येत असंल तरच मी येतो."

तेव्हाही मी खळच शिजवत होते; ती ढवळत मी भाषणच ठोकलं. जहाजाच्या पोटात माणसं राबतात आणि वर लोक मजा मारतात. मी येणार नाही.

बाबा हळूच म्हणाले, "एष्टीत मी दिवसभर उभा राबत होतो, तवा तू खिडकीपाशी बसून हसत होती ना वं?"

माझं ढवळणं थांबलं, पण हट्ट सुटला नाही. खळ करपल्याचा वास घरभर झाला. बाबांनी पत्रकाची घडी घालून तिकिटांच्या जुन्या पेटीत ठेवली.

माझं म्हणणं मी आजही बदललेलं नाही. बाबांनी समुद्रही अजून पाहिलेला नाही.