लेकरू ठेवून लंकेला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरं उणीपुरी बारा. त्यातलं कुणी परदेशी जाईल असं सेनगावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि निघाले कोण, तर मी! मराठवाड्यातल्या मंडळ्यांमधून आठ जणांचं कलापथक श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर तीन आठवडे सेवेला जाणार होतं. दोघं कीर्तन करणारे, एक ढोलकीवाला, काही जण बाहुल्या नाचवणारे, आणि रांगोळीतून बायबलच्या गोष्टी काढणारी मी. दागिने घरीच ठेवायचे ठरले तेव्हा शेजारणींना चिडवायला निमित्त मिळालं. "लंकेची पार्वतीच झालीस की गं!" मीही हसायचे. पण माझी पोरगी पंधरा महिन्यांची होती आणि अजून अंगावर पीत होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या भडकल्या. "देवाचं काम हितं कमी हाय व्हय? लेकरू टाकून काहून चाललीस?"

मीही हट्टी. लग्नाआधी मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, नंतर हातात पोळपाट-लाटणंच आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कलेला बोलावलं होतं. "एकदाच जाऊ द्या, पुन्हा न्हाई मागणार," म्हणाले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कडुलिंबाचा पाला वाटून वाटीत आणून दिला. "लाव. तोडायचंच हाय तर तू हितं असताना तोड. मागून हुडकत बसंल ते." पोरीनं तोंड लावलं, वाकडं केलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की जाणं रद्दच करावं वाटलं. केलं मात्र नाही.

हिंगोलीहून लहान रेल्वेनं निघालो, ते गाड्या बदलत चेन्नई आणि तिथून विमानानं कोलंबो. मळ्यावर पोचल्यावर पहिल्याच सकाळी माझी जिरली. तिथल्या तमिळ बायका रोज दारात ठिपक्यांची अशी देखणी रांगोळी काढायच्या की मी त्यांना काय दाखवणार, कपाळ! एकीनं तर माझ्या हातातलं पीठ घेऊन माझी रेघ सरळ करून दिली. पुढं आमची चांगली गट्टी जमली. हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढताना मी मेंढरं कोळशाच्या भुकटीनं भरली, तर पथकाचे प्रमुख दादा अस्वस्थ. "ताई, मेंढरू पांढरं हवं." दादा मूळचे पुण्याचे. त्यांना म्हटलं, "दादा, आमच्याकडच्या धनगरांची मेंढरं काळीच असतात. पांढरं मी फक्त कॅलेंडरवर पाहिलंय." माझी मेंढरं काळीच राहिली आणि त्या बायकांना त्यात काही खटकलंही नाही.

मळ्यावर एक पाळणाघर होतं. चहा खुडायला जाताना बायका लेकरं तिथं ठेवायच्या. एकदा आम्ही तिथं बाहुल्यांचा खेळ करत असताना सांभाळणाऱ्या बाईनं एक रडकं मूल माझ्या मांडीवर दिलं. ते छातीशी तोंड घासायला लागलं आणि माझं पोलकं ओलं झालं. मला वाटलं होतं, दूध आटलंय. मी उठून भिंतीमागं गेले आणि पोटभर रडले. घरी गेल्यावर माझी पोरगी माझ्याकडं येईल का, एवढंच त्या दिवसापासून डोक्यात. तरी खोटं कशाला बोलू, रांगोळीला बसले की मी सगळं विसरायचे. आपण इतक्या सुखात आहोत याचीच मला लाज वाटायची. आज ते चहाचे डोंगर आठवले की लाज आठवत नाही, सुखच आठवतं.

परतले तेव्हा पोरगी आत्याबाईंच्या कडेवर होती. मी हात पुढं केले. तिनं तोंड त्यांच्या मानेत खुपसलं आणि त्यांनाच "आई" म्हणाली. आत्याबाई ओशाळल्या. "मी न्हाई गं शिकवलं," म्हणाल्या. दोन दिवस हेच चाललं. मी भरवलं तर ती थुंकायची, मी उचललं तर किंचाळायची.

तिसऱ्या सकाळी आत्याबाईंनी पिशवी भरली. हट्टा गावाला बहिणीकडं जाते म्हणाल्या.

"आत्ताच काहून?" ह्यांनी विचारलं.

"मी हितं हाय तवर ते तिच्याकडं जायचं न्हाई."

स्टँडवर पोरीनं आकांत मांडला. आत्याबाई एसटीत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि गाडी हलेपर्यंत त्यांनी इकडं पाहिलं नाही. दिवसभर रडून रडून संध्याकाळी पोरगी माझ्या खांद्यावर झोपली.

आठ दिवसांनी आत्याबाई परत आल्या, तेव्हा ती माझ्या कडेवर होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. हात काही पुढं केले नाहीत. मग मीच तिला त्यांच्याकडं दिलं.