आर्क्टिकमधलं घामोळं

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळली. विषय निघाला की मी चहा मागतो.

मुलगा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावी नोकरीला आहे. नात तान्ही असताना मी तिकडे गेलो होतो. सुनेला लहानपणापासून ध्रुवीय प्रकाश बघायचा होता. बाळंतपणाची रजा संपण्याआधी तिने नॉर्वेच्या उत्तर टोकाला जायचा बेत आखला.

"बाळ आजारी पडलं तर तू बघ हं," मुलगा म्हणाला.

"रोज मीच बघते."

तिथलं लाकडी घर इतकं ऊबदार होतं, की मुलगा बनियनवर बसायचा. 'घरात टोपी नको, एक झबलं पुरे,' हे डच नर्सचं म्हणणं सून कसोशीने पाळायची. पण डच बायका भर थंडीत उघड्या डोक्याने सायकल चालवतात; त्यांचं काय ऐकायचं? शिवाय निघताना आमच्या हिने पुण्यात माकडटोपी आणि दोन लोकरी स्वेटर माझ्या बॅगेत कोंबून बजावलं होतं, "तिचे कान उघडे ठेवू नका." सून खोलीबाहेर गेली की मी नातीला सगळं चढवायचो. पावलं वाजली की उतरवायचो. त्यात मी बराच तरबेज झालो.

नात रडरड करू लागली. अंग गरम, दूध नको. मानेवर पुरळ उठलं. आर्क्टिकमध्ये घामोळं येणारी ती पहिलीच असावी. मी पावडर लावली.

"थंडी बाधली तिला," मुलगा सुनेला म्हणाला. "तुझ्या हौसेपायी."

तोवर आभाळ भरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी मोकळं होणार होतं.

"बाबा, एक रात्र थांबू या का?" सुनेने मला विचारलं.

"लहान जीव आहे," मी म्हणालो.

सकाळी निघालो. माकडटोपी विमानाच्या पोटात, सामानात गेली. नात घरापर्यंत ढाराढूर झोपली.

"बघ, तिथून निघाल्याबरोबर बरी झाली," मुलगा म्हणाला.

सून पुन्हा उत्तरेकडे गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "नको बाई, लेकीला आजारी पाडलं तेव्हा. माझंच चुकलं." नात आता शाळेत जाते आणि मला डचमध्ये उत्तरं देते.

परवा मी सुनेला मुद्दाम फोन केला. तुझं काही चुकलं नव्हतं, टोपी मी घालत होतो, एवढंच सांगायचं होतं.

"बोला बाबा. सगळं ठीक ना?"

"हो गं पोरी," मी म्हणालो. "तिकडे थंडी किती आहे?"