बागूलताईंचा जित्ता दिवा

नवीन यंत्र टेबलावर आलं, की बागूलताई आधी त्याचे सगळे दिवे बंद करायच्या. आम्ही हौसेनं खोकं फोडायचो, वायरी जोडायचो, हिरवे-तांबडे दिवे ओळीनं लागले की पोरांसारखे खूश व्हायचो. मग ताई खुर्ची ओढून बसायच्या, कीबोर्डवर दोनचार ओळी बडवायच्या आणि खलास! सगळा अंधार. "आधी बठ्ठे दिवे बंद, मग बोलू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या आईच्या घरात दिवा 'विझवला' असं नुसतं म्हणायचीसुद्धा चोरी, दिव्याला 'निरोप दिला' म्हणायचं. त्यामुळे ताईंचा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, देवा, कुठून आली ही बाई!

आली होती धुळ्याहून. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. कारखाना म्हणावा तर लहान, दुकान म्हणावं तर मोठं. शीतगृहं, केळी पिकवायच्या खोल्या, पाण्याचे पंप यांचे नियंत्रक डबे आम्ही बनवतो. ताई त्यातलं सॉफ्टवेअर लिहायच्या. वय पन्नाशीचं, आवाज असा की पलीकडच्या शेडमधला वेल्डर हातातलं काम थांबवून वळून बघायचा. जेवताना आमच्या डब्यातला ठेचा चाखून नाक मुरडायच्या. "ह्याला ठेचा म्हणतात तुम्ही? जळगावची मिरची म्हणजे पथ्याचं खाणं. धुळ्याच्या माणसाच्या डोळ्यात ह्यानं पाणी येत नही, भाऊ." आम्ही चिडायचो, आणि दुसऱ्या दिवशी घरून आणखी जहाल ठेचा आणायचो. ताई तो मिटक्या मारत संपवायच्या.

दिव्यांचं प्रकरण त्यांनी मला एकदाच समजावलं, तेही मी सहा वेळा मूर्खासारखं विचारल्यावर. संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. यंत्रावरचा दिवा कोणाच्या इशाऱ्यानं लागायचा, हे त्या कारभाऱ्याला सांगून ठेवता येतं. ताई आधी सगळे दिवे मोकळे करायच्या, मग त्यातला एक ठोक्यावर लावायच्या. धक-धक, जरा थांब, पुन्हा धक-धक, अगदी काळजासारखं. कामाचा बोजा वाढला की ठोका जलद होतो. कारभारी कोसळला की ठोका थांबतो. "नुसता पेटलेला दिवा एवढंच सांगतो, की वीज आहे. मला वीज आहे का ते नको. आतला जित्ता शे का, ते सांग," असं म्हणून त्या टेबलावर टिचकी मारायच्या.

मला हे लाडाचं खूळ वाटायचं. ते खूळ नव्हतं, हे रघुनाथआबांमुळे कळलं.

आबा नशिराबादजवळ मोतीशेठच्या केळी पिकवायच्या खोल्या सांभाळायचे. मूळचे धुळ्याकडचे, ताईंच्या माहेरगावाशेजारचे, म्हणून ताई त्यांना गाववाले मानायच्या. एका सकाळी शेठनं खोलीचं दार उघडलं तर आत केळ्यांचा नुसता लगदा. यंत्रानं गारवा दिलाच नव्हता, आणि डब्यावरचा हिरवा दिवा मात्र छान पेटलेला. तो डबा आमचा नव्हता, दुसरीकडून आणलेला. शेठनं सगळ्या हमालांसमोर आबांना 'झोपाळू' म्हटलं आणि घरी पाठवलं.

आबा आमच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले. ताईंना पाहिल्यावर ते उठून उभे राहिले. "काम गयं ते गयं, ताई. पन मी दिवा देखत बसेल व्हतो. शेठ माले झोपाळू म्हनस, ते सहन व्हत नही."

ताईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. एवढंच म्हणाल्या, "दिवा हिरवा व्हता ना, आबा? मग बठ्ठं कळलं."

शेठला नवे डबे हवेच होते. आमच्या साहेबांनी त्यांना बोलावलं, ते चांगला दिवस बघून पेढ्यांची पेटी घेऊन आले. ताईंच्या सांगण्यावरून जुना डबाही बरोबर आणला होता. साहेबांनी ताईंना हात जोडले होते, "आज तेवढं दिवे बंद करू नका हो!" ऐकतील तर त्या बागूलताई कसल्या? शेठ समोर बसले आणि ताईंनी नव्या डब्याचे सगळे दिवे घालवले.

शेठचा चेहरा पडला. "अरे अरे, ताई! शुभ दिवशी दिवे विझवले?"

"विझवले नाहीत, शेठ. दुसऱ्यांच्या हातातून सोडवून घेतले." त्यांनी एक दिवा ठोक्यावर लावला. शेठला तोही आवडला नाही. म्हणाले, ही लुकलुक बघून गिऱ्हाईक घाबरेल, सरळ पेटता ठेवा. साहेब मान डोलवायला लागले. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही डबे शेजारी मांडले आणि दोघांच्याही कारभाऱ्यांना मुद्दाम पाडलं. नव्या डब्याचा ठोका थांबला. जुन्याचा हिरवा दिवा तसाच, ऐटीत.

"जुन्याचं बटण दाबा, शेठ."

शेठनं दाबलं. काही नाही.

"हिरवा आहे की," शेठ म्हणाले.

"हो ना. परत दाबा."

शेठनं परत दाबलं, मग जोरात दाबलं, मग डबा उचलून हलवला. आम्ही हसू गालात दाबून उभे. शेवटी त्यांनी डबा हळूच खाली ठेवला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

"आबा जागे होते, शेठ," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "डबा झोपला होता."

साहेब घाईघाईनं म्हणाले, "मग डबे कधी पाठवू?" ताई म्हणाल्या, "डबे नंतर. आधी आबा."

आबा काम गेल्यापासून रोज टपरीवर येऊन बसायचे, त्या दिवशीही होते. शेठनं स्वतः जाऊन पेटी उघडून त्यांच्यापुढे धरली. आबांनी हात मागे घेतला. "पेढा नको माले. झोपाळू नही शे, इतलं बोला. हमालांसमोर बोला."

शेठ आबांना घेऊन थेट नशिराबादला गेले. आम्हीही मागोमाग. घरात मारवाडी, दुकानात हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलणारा तो माणूस हमालांसमोर उभा राहून अहिराणीत म्हणाला, "आबा झोपाळू नही शे." मग आबांनी दोन पेढे खाल्ले.

नवे डबे बसले. आबा रोज सकाळी ताईंना फोन करायचे, "ताई, दिवा जित्ता शे." ताई म्हणायच्या, "बरं शे," आणि फोन ठेवायच्या. पुढे ताई धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. आमच्याकडे शांतता झाली, जी मला अजिबात मानवली नाही. आबांचा फोन मात्र रोज धुळ्याला जात राहिला.

मागच्या महिन्यात एका सकाळी ताईंचा मला फोन आला, "आबांचा फोन आला नही. लागतही नही. जाऊन बघ." मी म्हटलं, ताई, फोन बिघडला असेल, दुपारी जेवून निघतो. मी जेवून नशिराबादला पोचतो तर ताई रिक्षातून उतरत होत्या. फोन ठेवल्या ठेवल्या एसटीत बसल्या होत्या.

आबा पोत्यावर बसून भाकरी खात होते. शेजारी डब्यावरचा दिवा धक-धक करत होता. ताईंना बघून ते चकितच झाले. "फोन पानीमा पडना, ताई. इतली लांब कशाले उनी? दिवा ते जित्ता शे ना!"

"मी दिवा देखाले नही उनू, आबा," ताई म्हणाल्या, "तुमले देखाले उनू."

 आबांनी अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि ताईंपुढे धरली. ताई त्यांच्या शेजारी पोत्यावर बसल्या. एक घास खाल्ला आणि पदरानं डोळे पुसत माझ्यावरच ओरडल्या, "बघतोस काय? ठेचा भलता तिखट शे!"