नुसत्या पाण्याची बशी

संघप्रियाला हट्टी म्हणणाऱ्यांत मी पहिला. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं बाटल्या धुतोय, पण एम.एस्सी.ला अशी पोर आली नव्हती. तिचे गणपतीमामा मंगळवार पेठेत जिलेबी तळतात. उरलेलं केशरी रंगाचं पाणी गटारात ओततात आणि गटार ओढ्याला मिळतं. हिनं तोच रंग आणला आणि ओढ्यातल्या पाणपिसवांवर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांवर, तपासायला घेतला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून मीच सांगितलं, "घरच्या विहिरीचं आण." चार बशांत रंग घातला, पाचवीत नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी रंगातल्या पिसवा मेलेल्या दिसताच ही तडक मामांकडे गेली आणि गिऱ्हाइकांसमोर "हे विष हाय" म्हणून आली. पाचवी बशी तिनं परत आल्यावर पाहिली. तिच्यातल्याही सगळ्या मेलेल्या.

तिनं घरी आईला फोन लावला. आईनं चांगलं म्हणून पाणी रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवलेलं. माणसाला मानवणारं तांबं पाणपिसवांना मारतं, हे मला तरी सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "पाचवी बशी वहीत लिहू नकोस, कोण बघतंय?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. अजून वाटते.

त्याच संध्याकाळी ती गिऱ्हाइकांच्या गर्दीत मामांसमोर उभी राहिली. मी मागे होतो. "मामा, माझं चुकलं. रंगानं मेल्या का माझ्या पाण्यानं, मला ठावं न्हाय. परत करून सांगते." मामा झारा हलवत "बरं" एवढंच म्हणाले.

या खेपेला पाणी विहिरीवरून थेट प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणलं. दोन दिवसांनी नुसत्या पाण्यातल्या वीसच्या वीस जिवंत. मामा ओततात तेवढ्या रंगात वीसपैकी चौदा मेल्या. आता हा आकडा कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार होता.

सांगायला गेलो, तर कढईत फिकट जिलेबी. संघप्रिया वही उघडू लागली.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "रंगाचा डबा तू मागल्या खेपंला आलीस त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकला."

"पण तवा तर मी चुकलं म्हणून सांगितलं."

"व्हय की. विष हाय म्हणालीस तवा राग आलता. पण एवढी शिकल्याली पोर चारचौघांत चुकलं म्हणती, तर मला एक डबा टाकायला काय झालं?"